भिडू नये, सुटूही नये

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मृग तोंडावर आला की आपल्या जिल्हा पानांवर एक ठरावीक बातमी दिसू लागते. बांध कोरल्यावरून चुलतभावांत मारामारी, पाणंद अडवल्यावरून डोकी फुटली, परस्परविरोधी गुन्हे दाखल. बातमीत कुऱ्हाड असते, काठी असते, कलमं असतात. पण बोलाचाली हातघाईवर कोणत्या क्षणी आली, ते कधीच नसतं. ते बहुधा पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरलेलं असतं. हे पत्र त्या अर्ध्या मिनिटाबद्दल आहे.

अशा वेळी गावात दोनच सल्ले मिळतात. जाणती माणसं म्हणतात, जाऊ दे, सोडून दे. तरणी पोरं म्हणतात, एकदा दाखवूनच देऊ. पहिल्या सल्ल्याने जमीन जाते आणि राग आत मुरतो. दुसऱ्याने कोर्टाच्या पायऱ्या झिजतात. तिसरी एक रीत आहे. ती अंगाने शिकता येते आणि फार काटेकोरपणे शिकवली जाते, म्हणून हा पत्रप्रपंच. ती रीत ताई चीमधली आहे.

ताई ची म्हणजे बागेत म्हातारी माणसं सावकाश हात हलवतात तो व्यायाम, एवढीच आपल्याकडे समजूत आहे. मुळात ती लढण्याची विद्या आहे. चीनच्या हेनान प्रांतातलं चेनजियागोऊ हे तिचं गाव. सतराव्या शतकातल्या चेन वांगतिंगपासून तिथली परंपरा सांगतात. पुढे यांग लुचान (1799–1872) याने ती त्या गावातून बाहेर नेली. आज सगळीकडे शिकवला जाणारा 24 हालचालींचा सोपा संच 1956 साली चीनच्या सरकारी क्रीडा विभागाने बसवला, आणि 2020 मध्ये युनेस्कोने ताई चीला मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हालचाली संथ असतात त्या आरामासाठी नव्हे. अंगात नेमकं कुठे ताठरपण आलं, हे वेगात कळत नाही, सावकाश केलं की कळतं.

या विद्येत जोडीने करायचा एक सराव आहे, तुई शौ, म्हणजे हाताला हात लावून ढकलणं. त्याचा पहिला नियम 'बू दिऊ, बू दिंग'. दिऊ म्हणजे सुटणं, हात काढून घेणं. दिंग म्हणजे टक्कर देणं, जोराला जोर लावून अडणं. दोन्ही चुकीचं. समोरच्याचा हात आला की आपला हात त्याला लागलेला राहिला पाहिजे, पण अडता कामा नये. किती दाबाने लागलेला? चार लिआंगांनी हजार जिन हलवावेत, असं चिनी लोक म्हणतात. आजच्या मापात चार लिआंग म्हणजे 200 ग्रॅम, ज्वारीच्या दोन भाकरींचं वजन. हजार जिन म्हणजे 500 किलो. आकडे अलंकारिक आहेत, पण 200 ग्रॅमचा दाब ही गोष्ट सरावात अगदी खरी आहे. ज्याने तिफण धरली आहे त्याला ती लगेच उमजेल. रुमण्यावरचा हात जास्त दाबला तर बी खोल जातं, सैल सोडला तर वरच राहतं. जमीन बदलेल तसा हात बदलत राहतो, पण सुटत नाही.

लवचीकपणा म्हटलं की आपल्याकडे पुरात वाचणाऱ्या लव्हाळ्याचं उदाहरण हमखास येतं. लव्हाळं वाकतं हे सगळे सांगतात. ते मुळाशी किती घट्ट असतं, हे कोणी सांगत नाही. म्हणून सुरुवात पायापासून.

पाय खांद्याएवढ्या अंतरावर, एकमेकांना समांतर. गुडघे जेमतेम सैल. गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे गेला की तो दुखू शकतो. वजन टाचेवर, अंगठ्याच्या बुडाशी आणि करंगळीच्या बुडाशी, असं तीन ठिकाणी. डोक्याचा मध्य दोरीने वर ओढल्यासारखा, माकडहाड खाली सोडलेलं. खांदे आणि कोपरं जड. जबडा सैल, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकलेलं, श्वास नाकाने. आधी तीन मिनिटं, महिन्याभरात दहापर्यंत. याला चिनी भाषेत 'सोंग' म्हणजे सैलावणं म्हणतात, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. सैल म्हणजे गळाठलेला नव्हे. तंबूचा कपडा ताणलेला असतो पण दगडासारखा कडक नसतो, तसं अंग हवं. काखेत मूठभर जागा राहिली पाहिजे. ती गेली आणि कोपर बरगडीला चिकटलं की कोणीही ढकलून पाडतं.

मग वजन बदलणं. एक पाय पुढे सरळ, मागचा 45 अंशांत बाहेर वळवलेला. दोन्ही टाचा एका रेषेत ठेवायच्या नाहीत, मध्ये खांद्याएवढी रुंदी हवी, नाहीतर पहिल्याच धक्क्याला तोल जातो. सत्तर टक्के वजन पुढे, मग सावकाश मागच्या पायावर. एक पाय भरला की दुसरा रिकामा. दोन्ही पायांवर सारखं आणि ताठ वजन राहिलं तर कंबर वळतच नाही. या दोषाला 'शुआंग झोंग', दुहेरी भार म्हणतात. भांडणात हा दोष फार दिसतो. माणसाला जमीनही हवी असते आणि समोरच्याचं नाकही खाली झालेलं हवं असतं. दोन्हींवर एकदम वजन टाकलं की वळायला जागा उरत नाही. भांडायला उभं राहण्याआधी एक पाय रिकामा करावा. माझ्या मते नाकाचा.

आता जोडीचा सराव. दोघांनी उजवा पाय पुढे टाकून समोरासमोर उभं राहायचं, उजव्या मनगटांच्या पाठी एकमेकींना टेकवायच्या. पहिला दुसऱ्याच्या छातीकडे सरळ ढकलतो. दुसरा हात काढत नाही, अडवतही नाही. तो मागच्या पायावर बसतो. छातीजवळ वीतभर अंतर उरलं की कंबर उजवीकडे वळवतो आणि तो जोर छातीच्या बाजूने निघून जातो. मग तळहात फिरवून तो तसाच सरळ पुढे ढकलतो आणि पहिला मागे बसतो. जमिनीला समांतर असं एक आडवं वर्तुळ तयार होतं. दहा वर्तुळं झाली की पाय आणि हात बदलायचे. एका बाजूला पाच मिनिटं पुरे.

चुका ठरलेल्या. मनगट पकडणं. खांद्याने ढकलणं. मागे बसण्याऐवजी कंबरेतून मागे झुकणं. त्याने तोल जातो आणि मानही आखडते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे समोरचा काय करणार हे आधीच धरून चालणं. हात अजून आलाच नाही आणि आपण वळलो, म्हणजे संपर्क सुटला. वळायचं कधी, हे डोक्याने ठरवायचं नाही, त्वचेला कळू द्यायचं. चिनी लोक याला 'तिंग जिन' म्हणतात, म्हणजे ऐकण्याची ताकद. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. ऐकणं हे कानाचं काम असतंच, पण ज्याने रोज हाताने ऐकलं त्याला कानाने ऐकणं सोपं जातं.

हे सगळं अंगात कशाला भिनवायचं, नुसतं समजून घेतलं तर चालणार नाही का? नाही चालत. राग आला की अॅड्रेनलिन सुटतं, श्वास वर छातीत चढतो, खांदे उचलले जातात, मुठी वळतात, बारीक विचार मागे पडतो. त्या घडीला वाचलेलं काही आठवत नाही. शेकडो वेळा केलेली हालचाल मात्र आपोआप होते. मागच्या पायावर बसण्याची सवय लागलेला माणूस शिवी ऐकल्यावरही आधी मागच्या पायावर बसतो, आणि तेवढ्यात एक लांब उच्छ्वास बाहेर पडतो. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती थोडी उतरते, ते व्हेगस नावाच्या मज्जातंतूचं काम. उकळी लगेच उतरत नाही, काही मिनिटं लागतात. पण जीभ सुटायच्या आधी मिळालेला एक श्वास पुष्कळ असतो.

आता धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर या. समजा, पेरणीआधी रोटाव्हेटर फिरला आणि शेजारचा चुलतभाऊ तावातावाने आला: "तू आमचा धुरा कोरलास."

"कोण म्हणतं? तुम्हीच आज्यापासून धुरा खात आलात." ही टक्कर, दिंग.

"असंल बाबा," म्हणून पाठ फिरवून निघून जाणं. हे सुटणं, दिऊ. त्याचा राग तसाच हातात राहतो आणि तो संध्याकाळी चार माणसं घेऊन घरी येतो.

तिसरं असं: "दादा, तुझं म्हणणं, त्या बोरीपासून हद्दीच्या दगडापर्यंत धुरा आमच्या नांगरात आला. किती आला म्हणतोस, नांगराचं एक तास की दोन?"

या वाक्यात मान्य काहीच केलेलं नाही. पण त्याचं म्हणणं त्याच्याच खुणांसह परत दिलं, म्हणजे हाताला हात लागला. आणि प्रश्न मापाचा विचारला, त्यामुळे त्याला आपल्या तोंडाकडे बघायचं सोडून जमिनीकडे बघावं लागतं. तो मान वळवतो, बहुधा दोन पावलं चालून दाखवतो. जोर छातीवरून बाजूला गेला तो इथे. तो बोट दाखवत चालला की आपण त्याच्या बाजूला जाऊन उभं राहायचं, समोर नाही. दोघांची तोंडं धुऱ्याकडे. हातात खोरं किंवा विळा असेल तर आधी खाली ठेवायचा. अंतर दोन हातांचं. विहिरीच्या काठाला किंवा कुंपणाला पाठ देऊन उभं राहायचं नाही.

इथेही चुका होतात. त्याचं वाक्य परत म्हणताना आवाजात टोमणा आला की सगळं फुकट. "तू आधी शांत हो" हे सुद्धा ढकलणंच आहे, आणि तेही खांद्याने. "समजतंय मला" हे पोकळ, त्यात कशालाच हात लागत नाही. त्याचं बोलणं मध्येच तोडणंही तसंच. ओरडणाऱ्याचा दम कधीतरी संपतो आणि त्याला श्वास घ्यावा लागतो. ढकलणारा हात पूर्ण लांबला की त्यातला जोर जसा संपतो, तशी ती जागा असते. आणखी एक श्वास थांबून मग बोलावं.

वळवल्यानंतर पुढे यायचं असतं. शिकणाऱ्यांपैकी निम्मे इथे कच्चे राहतात, आणि बाहेरच्यांना वाटतं ताई ची म्हणजे नमतं घेणं. वर्तुळाचा अर्धा भाग ढकलण्याचा आहे. तो सरळ, पायापासून, चिडल्याशिवाय करायचा. धुऱ्यावर त्याचं रूप असं: "मोजणी करून घेऊ. अर्ज मी टाकतो, फी निम्मी निम्मी. तोवर दोघांनीही धुऱ्यापासून दोन तासं सोडून पेरायचं." मोजणीचा अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात होतो आणि लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, त्यामुळे चोरून मोजल्याचा आरोप राहत नाही. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतात जायला रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143 आहे. "जाऊ दे, बघू" म्हणत सहा महिने घालवणं हे मन मोठं असणं नव्हे, तो हात सुटणं आहे. आणि त्या सुटलेल्या हाताची भांडणं पुढच्या पिढीला होतात.

कोणी अंगावर येऊन धक्का दिलाच, तर उलट धक्का देऊ नये. एक पाय 45 अंशांत मागे, कंबर वळवायची, आपली बाही त्याच्या हाताला लागलेली, तळहात उघडे, आणि मोकळ्या बाजूने बाहेर. हत्यार निघालं तर यातलं काहीही करायचं नाही. तिथून निघायचं आणि 112 लावायचा.

पाण्याच्या टँकरवर आणि डीपीवर, म्हणजे विजेच्या रोहित्रापाशी, गर्दी असते म्हणून तिथलं गणित थोडं निराळं. 2016 च्या मार्चमध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पाण्याच्या रांगेतला धक्का बहुधा मुद्दाम दिलेला नसतो, मागून आलेला असतो. दोन्ही पाय जोडून ताठ उभं राहिलं तर तो सगळा आपल्या अंगावर येतो. एक पाय अर्धं पाऊल पुढे ठेवला तर तो मागच्या टाचेतून जमिनीत जातो आणि घागर हिंदकळत नाही. आणि नंबरावरून वाद पेटण्याआधी "मावशी, तुमचा कितवा?" हा प्रश्न दोन भाकरींएवढाच दाब देतो. डीपी जळाल्यावर वायरमनवर ओरडण्यापेक्षा तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि रोहित्र कधी येणार हे लिहून घेणं हेही सरळ पुढे ढकलणंच आहे.

घरातल्या वादांत एकच जास्तीची गोष्ट सांगावीशी वाटते. घरातली माणसं एकमेकांची पुढची चाल आधीच धरून चालतात. मुलगा पैसे मागायला तोंड उघडतो तोच बाप "नाहीत" म्हणतो. हात यायच्या आधी वळल्यासारखं आहे ते. वाक्य पुरं होऊ द्यावं, रक्कम आणि कशासाठी ते विचारावं, मग हवं तर नाही म्हणावं. ते "नाही" पुष्कळ हलकं लागतं.

भांडायला समोर कोणीच नसतं आणि तरी छातीवर दगड असतो, त्याही रात्री असतात. सोयाबीन पावसात गेलेलं, बँकेची नोटीस आलेली. तेव्हा भिंतीला पाठ न टेकता उभं राहून चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. एका श्वासाला दहा सेकंद, मिनिटाला सहा, पाच मिनिटांत तीस. श्वास रोखायचा नाही, पोट मुद्दाम फुगवायचं नाही. चक्कर आली तर मोजणं सोडून बसायचं. सोबत वजन एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश नेत राहिलं तर मन तळपायांत राहतं, डोक्यात कमी फिरतं.

पण कर्ज याने फिटत नाही, हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. जगण्याची इच्छाच उरली नसेल, झोप आणि जेवण तुटलं असेल, तर ताई ची हा त्यावरचा इलाज नव्हे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र आणि मोफत आहे, घरच्यांनीही लावावा. नवऱ्याकडून मार खाणाऱ्या बाईला "वळून घे" असं सांगणं तर पाप आहे. तिने तिथून निघावं, महिला मदतवाहिनीचा 181 किंवा 112 लावावा. रक्तदाबाच्या गोळ्या कोणी बंद करू नयेत. ताई चीबद्दलचं भक्कम संशोधन बरंचसं तोलाबद्दल आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये कंपवाताच्या 195 रुग्णांवर केलेला 24 आठवड्यांचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला, त्यात त्यांचा तोल सुधारलेला आढळला. भांडणाबद्दल मी वर जे लिहिलं ते सरावाच्या अनुभवावर उभं आहे, औषधाच्या दाव्यासारखं कोणी वाचू नये.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 2007 मध्ये सुरू झाली आणि गावोगावी समित्या झाल्या. माझी सूचना त्यांना आणि शाळांना आहे. समितीच्या बैठकीत वादी-प्रतिवादींना टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसवू नये. एकाच बाजूला, नकाशा किंवा सातबारा पुढे ठेवून बसवावं, आणि प्रत्येकाला आधी दुसऱ्याचं म्हणणं त्याच्या मापांसह सांगायला लावावं. समोरचा "हो, हेच माझं म्हणणं" म्हणेपर्यंत आपलं सुरू करू देऊ नये. शाळांनी परिपाठानंतर पाच मिनिटं मुलांना जोडीने वर्तुळं करायला लावावीत. एप्रिलच्या सकाळच्या शाळेतही ऊन चढायच्या आत ते होऊन जातं. मैदानाचा एक कोपरा पुरतो, साहित्य काहीच लागत नाही.

लागतं म्हणायचं तर आपल्याच दैनिकाचं एक जुनं पान. त्याची चौघडी करून दोघांच्या मनगटांमध्ये धरायची आणि दहा वर्तुळं पुरी करायची. पान खाली पडलं तर हात सुटला होता. चुरगळलं तर जोर लागला होता. पहिल्या दिवशी बहुतेकांचं तिसऱ्या वर्तुळाच्या आतच पडतं, आणि ते उचलून पुन्हा सुरू करायचं असतं.

आपला नम्र,
ताई ची शिकवणारा एक वाचक, परभणी